डाव्या कानावरची बंदी

काडीला गुंडाळलेला कापूस कानातून बाहेर आला, की तो आधी नाकाशी न्यायचा. डोळे मिटायचा, एकदाच हुंगायचा आणि मग गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचा. अत्तराच्या दुकानातही कुणाला एवढं मन लावून हुंगताना मी पाहिलेलं नाही. येणारेजाणारे तोंड फिरवायचे, समोरचा भजीवाला शिव्या द्यायचा. याला त्याचं काही नसे.

हुंगण्याच्याही आधी त्याचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "कान वाहिला का कधी?" लोक राम राम म्हणतात, तसा तो हे म्हणायचा. पोस्टमन दिसला की विचारायचा, चौकीतल्या हवालदाराला विचारायचा. एकदा वरात चालली होती, तर घोड्यावरच्या नवरदेवाला त्याने खालून ओरडून विचारलं. नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला करून "नाही" असं सांगितलं, हे त्याहून विशेष.

ज्यांनी सत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराचं नाशिक पाहिलंय, त्यांना असे कानवाले आठवत असतील. लाल पागोटं, त्यात खोचलेल्या दोन-तीन सळया, खांद्याला पिशवी, पिशवीत तेलाची बाटली आणि कापूस. हा त्यातलाच एक. नांदगावकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असेल. पण आधीच सांगून ठेवतो, मी त्याचे गोडवे गायला बसलेलो नाही. माझी त्याच्याबद्दल एक तक्रार आहे आणि ती अजून मिटलेली नाही. सगळं सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

भद्रकालीत माझं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. बाप मजुरी करता करता गेला, मामाने हातात हातोडा दिला, बाकी सगळं मी स्वतः उभं केलं. देवळाली कॅम्पातल्या जवानांची बदली झाली की त्यांना पेट्या लागत. नवरा-बायको दोघं यायची, चार पेट्या ठोकून बघायची आणि भावाला बसायची. भाव करण्यात माझा हात धरणारा गल्लीत कुणी नव्हता, आणि त्याचं कारण लोकांना वाटायचं माझं तोंड. तोंड नव्हे. कारण होतं माझा डावा कान.

गिऱ्हाईक जोडीने आलं, की कधी ना कधी ती दोघं आपसात कुजबुजतात. "एवढ्याला देत असेल तर घेऊन टाकू," असं बायको म्हणतेच. त्या क्षणी मी खाली वाकून कडी-कोयंडा तपासायचो, डावा कान त्यांच्या बाजूला करून. कुणी पंजाबी असो, गढवाली असो, मद्रासी असो, आकडे मला सात भाषांत कळत. मग मी सरळ उभा राहायचो आणि बरोबर तोच आकडा स्वतःच्या तोंडाने बोलायचो. नवरा-बायको एकमेकांकडे बघायची. देवच भेटला असं वाटायचं त्यांना.

तर या दुकानाच्या पायरीवर सकाळी सूर्य उगवल्यापासून अकरापर्यंत सरळ ऊन असायचं, आणि याला तेच हवं होतं. बॅटरी त्याच्याकडे नव्हती. गिऱ्हाइकाचं डोकं उन्हाकडे फिरवायचं, कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, करंगळी त्याच्या गालावर टेकवून धरायची, म्हणजे डोकं हललं तर सळईही डोक्याबरोबरच हलेल. दिसेल तेवढा मळ काढायचा. ढग आले की पिशवी बंद.

"उन्हाला दिसतं तेवढं माझं," तो म्हणायचा. "त्याच्या म्होरं अंधार. तिथं मी जात नाय."

आता हे ऐकून तुम्हाला तो साधू वाटेल. साधू नव्हता. खडे काढायचा. म्हणजे कान कोरून झाला की शेवटी हळूच चिमटा घालायचा आणि ज्वारीच्या दाण्याएवढा खडा गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा. "बघा, किती वर्षांचा होता." गिऱ्हाईक खडा बायकोला दाखवायला कागदात बांधून न्यायचं. मी तीन दिवस पेटीला कड दुमडता दुमडता त्याच्या हाताकडे बघत राहिलो. चौथ्या दिवशी मला सापडलं. खडे पागोट्याच्या घडीत असायचे, गोदावरीच्या वाळवंटातले, धुऊन आणलेले.

मी त्याला गाठलं तेव्हा तो जराही ओशाळला नाही. म्हणाला, मळ काढून अर्ध्या लोकांना काही फरक पडत नाही, कारण मुळात त्यांच्या कानात काढण्यासारखं काही नसतंच. मळ आपोआप बाहेर येतो. पण तसं सांगितलं तर ते पुढच्या चौकात जातील आणि तिथला कुणी शिकाऊ पोरगा आत सळई खुपसेल. "खडा निघाल्याबिगर माणसाला ऐकायला येत नाय, शेठ," तो म्हणाला. "खडा दिला की त्याचं समाधान होतं आणि कान बी वाचतो."

धंदेवाईक माणूस धंदेवाइकाला ओळखतो. मला हे पटलं. मी लगेच सौदा घातला: पायरी तुमची, बदल्यात माझे दोन्ही कान कायमचे फुकट. तो हो म्हणाला. हा सौदा लक्षात ठेवा, कारण तक्रार त्याचीच आहे.

त्या दिवसांत माझा डावा कान जरा बसल्यासारखा झाला होता. कधी आतून गुरगुर यायची, उशीवर सकाळी ओलसर डाग दिसायचा. मळ असेल म्हणून मी मोठ्या ऐटीत पायरीवर बसलो, डोकं उन्हाकडे केलं. लहानपणी पोहताना कान वाहायचा, आता काही नाही, असं त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं. त्याने पाळी ओढली, कापसाची काडी जेमतेम कानाच्या तोंडाशी फिरवली, नाकाशी नेली. हुंगला. मग पुन्हा हुंगला. दोनदा हुंगताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. काडी त्याने लांब गटारात टाकली, हात धुतले आणि सळया पागोट्यात खोचल्या.

"हा माझा नाय," तो म्हणाला.

माझाच आहे, मी म्हणालो.

"तसं नाय. हा डॉक्टरचा कान हाय. डॉक्टरला दाखवा."

उजवा तरी करा म्हटलं, तर तोही करेना. डावा बरा झाल्यावर बघू म्हणाला. गल्लीतल्या प्रत्येक माणसाच्या कानातून त्याने खडे काढले होते. भजीवाल्याच्या कानातून तीन. आणि पायरीच्या मालकाला एकही नाही. सांगा, राग येणार की नाही?

तरी मी डॉक्टरकडे गेलो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी टेबलापलीकडून, खुर्चीतून न उठता, बॅटरी माझ्या दिशेने पाडली आणि मळ असल्याचं सांगून थेंब दिले. थेंब घातले की कानात दिवाळीतल्या फुलबाजीसारखं तडतडायचं, बाकी काही नाही. मग मेन रोडवरच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझा धंदा विचारला. पत्रे ठोकतो म्हटल्यावर त्यांनी कानाकडे पाहिलंच नाही. पत्रे ठोकणाऱ्याचे कान जातातच, कापसाचे बोळे घालून काम करा, असं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. बोळा घातल्यावर आतला ओलावा आतच राहिला आणि वास सुटला.

तो वास माझ्या कानाचा आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं दुकानात उंदीर मेलाय. दोन कारागिरांना घेऊन मी सगळ्या पेट्या रस्त्यावर काढल्या. एकेक पेटी उघडून, उलटी करून, झटकून पाहिली. उंदीर नाही. फळ्या उचकटल्या, भिंतीतली भोकं चुन्याने लिंपली. मी मागच्या बाजूला गेलो की वास मागे यायचा, पुढे आलो की पुढे. एक कारागीर म्हणाला, उंदीर मेलेला दिसत नाही, चालतोय. आमचा कानवाला पायरीवर बसून सगळं बघत होता. ऊन सरल्यावर पिशवी उचलता उचलता म्हणाला, उंदीर सापडला तर मला सांगा.

तिसऱ्या डॉक्टरांनी पिचकारी मारली. दुकानात सांडशी हातात धरावी तशी ती पितळी पिचकारी त्यांनी धरली होती. पाणी आत गेलं आणि दवाखाना माझ्याभोवती फिरायला लागला. मी टेबलाचा पाय धरून ओकलो. ते म्हणाले, पित्त आहे, रिकाम्या पोटी येऊ नका. चौथे डॉक्टर खरोखर चांगले होते. मला खुर्चीत बसवलं, आरशाने उजेड पाडून दहा मिनिटं पाहिलं आणि इतका स्वच्छ कान क्वचितच बघायला मिळतो असं म्हणाले. घरी येऊन जिना चढताना माझ्या लक्षात आलं, त्यांनी उजवा पाहिला होता. तेव्हा माझी खात्री पटली की यात डॉक्टरांचं काम नाही. मळ आहे, तो काढणाऱ्यानेच काढला पाहिजे. आणि नाशकात तो काय एकटा कानवाला होता?

बुधवारच्या बाजारात गोदाकाठी एक बसायचा. मी त्याच्यापुढे जाऊन बसलो. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"पेटीवाले शेठ ना? डावा? नाय."

मी दुप्पट देतो म्हणालो. त्याने कानाला हात लावले, स्वतःच्या. देवळाली कॅम्पात बाजारपेठेत एक म्हातारा बसायचा, त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "सेठ, दाहिना कर देता हूँ. बायाँ नहीं, मना है." कुणी मना केलंय विचारलं, तर त्याने नाशिकच्या दिशेला हनुवटी उडवली. आता माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पत्रा आणायच्या निमित्ताने मी मनमाडला गेलो. डोक्यावर कधी न घातलेली टोपी घातली, चष्मा खिशात ठेवला. स्टेशनाबाहेरच्या कानवाल्याला सांगितलं, मी मनमाडचाच. त्याने उजवा कान निमूटपणे पाहिला. डाव्याकडे वळला आणि थांबला.

"नाशिक ना?" तो म्हणाला.

मी नाही म्हणालो.

"डावा कान, हनुवटीला तीळ, माणूस तापट. वेश बदलून येईल म्हणून बी सांगितलंय."

पळालेल्या कैद्याचं वर्णन चौक्या-चौक्यांवर पाठवतात तसं माझं वर्णन फिरवलं होतं. ही सगळी मंडळी नांदगावच्या आठवड्याच्या बाजाराला एकत्र जमत, तिथे याने त्यांना माझ्या कानाची बंदी घातली होती. आख्ख्या जिल्ह्यात एका कानाला प्रवेश नाही, असं तुम्ही कधी ऐकलंय? मी त्या माणसाशी भाव केला. चौपट बोललो, आठपट बोललो. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव चढवत होतो आणि समोरचा उतरत नव्हता. तो एवढंच म्हणाला, "आमच्यात एकानं नाय म्हटलं की सगळ्यांचं नाय. कानाचं असतंय तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात आलो तो भांडायचं ठरवूनच. त्यात घरून निघताना चहा शर्टावर सांडला होता. कपाचा काठ उडालाय म्हणून बायकोवर ओरडून आलो होतो. हा पायरीवर बसून काडीला कापूस गुंडाळत होता. मी त्याची पिशवी उचलली आणि रस्त्यावर फेकली.

हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण फेकली. तेलाची बाटली फुटली. सळया भजीवाल्याच्या गाड्याखाली गेल्या. राग आला की मी समोरच्याला एकेरीवर आणतो. माझ्या कानाची बदनामी केलीस, जिल्हाभर डांगोरा पिटलास, माझी पायरी वापरून माझाच धंदा बसवलास, असं मी गल्ली गोळा होईस्तोवर ओरडत होतो. धंद्याचं खोटं नव्हतं. कुजबुज ऐकू येईनाशी झाल्यापासून माझे भाव चुकत होते. गिऱ्हाईक शंभरला तयार असायचं आणि मी नव्वदवर येऊन थांबायचो.

तो गाड्याखाली वाकून सळया गोळा करत होता. एकेक सळई त्याने धोतराला पुसली, उन्हात धरून वाकली का ते पाहिलं. मग माझ्याजवळ आला, उजव्या बाजूने, मला ऐकू यावं म्हणून.

"शेठ, मी खडे काढतो, खोटं काढतो, ते तुम्हाला ठाव हाय," तो म्हणाला. "पण हे खोटं नाय. माझ्या भावाच्या कानाला हाच वास होता. बाप रोज काडीनं पुसायचा. दोन साल पुसला. मग एक दिवस त्याचं तोंड वाकडं झालं, मग ताप चढला, मान लाकडावानी झाली. आठ दिवसांत गेला. अठरा सालांचा होता. मला तो वास झोपेत बी कळतो."

भजीवाल्याने गाड्याखाली राहिलेली एक सळई काढून त्याच्या हातात दिली.

"आधी तोंड वाकडं होतं," तो म्हणाला. "लय थोडं. माणसाला कळत नाय. चहा सांडाया लागला की समजायचं."

शर्टावरचा डाग डाव्या बाजूला होता. त्याने तो माझ्याआधी पाहिला होता की माझ्यानंतर, मला माहीत नाही. मी कारागिरांना शटर ओढायला सांगितलं. भर सकाळी, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पगार झालेले जवान यायच्या वेळेला. आमच्या दुकानाचं शटर त्या वेळी बापाच्या वर्षश्राद्धालाही पडत नसे.

कॉलेज रोडला तेव्हा एक कानाच्या डॉक्टरीणबाई नव्याने आल्या होत्या. त्याला ठाऊक होतं. कसं ठाऊक, तर त्यांनी पाटी लावल्याच्या दुसऱ्या दिवशीच तो जाऊन बघून आला होता. रिक्षात तो माझ्या उजवीकडे बसला. दवाखान्याच्या फाटकाशी थांबला. आत चला म्हटलं, तर नको म्हणाला, पागोटं बघून बाई चिडतील.

बाईंनी आरशाने कानात उजेड पाडला आणि मळ वगैरे काही म्हटलंच नाही. पडद्याच्या वरच्या कडेला भोक आहे, त्यातून कातडी आत शिरलीय, ती आत साचते, सडते आणि आजूबाजूचं हाड खात जाते, असं त्यांनी मला समजावलं. मला दात दाखवायला सांगितले, डोळे घट्ट मिटायला सांगितले, गाल फुगवायला लावले. डावा गाल फुगेना. त्यांनी उभ्या उभ्याच नर्सला मोठ्या दवाखान्यात फोन लावायला सांगितला. त्या उद्या म्हणत होत्या. मी सवयीने म्हणालो, पुढच्या आठवड्यात चालेल का, हंगाम आहे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी उद्यावर आलो.

"आणि हे रस्त्यावरच्या कानवाल्यांकडून कोरून घेणं बंद करा," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखे किती कान त्या लोकांनी वाया घालवलेत."

कुणी कोरला नाही, मी म्हणालो. सगळ्यांना विनवलं, मनमाडपर्यंत जाऊन आलो, पण कुणी तयार होईना. त्यांना ती थट्टा वाटली. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. खरं म्हणजे मी तेव्हाच बाहेर बोट दाखवून सांगायला हवं होतं की तुमच्या फाटकाशी उभा आहे तो माणूस मला इथे घेऊन आलाय. नाही सांगितलं. चार डॉक्टर फिरून शेवटी मला एका खडे काढणाऱ्याने आणलं, हे माझ्या तोंडून निघेना.

ऑपरेशन झालं. कानामागचं हाड पोखरून साफ केलं. तोंड सरळ राहिलं, जीव राहिला, डावा कान गेला. सौदा वाईट होता असं म्हणवत नाही. पुढे बायको दुकानात बसायला लागली. गिऱ्हाईक कुजबुजलं की ती पदर या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायची, त्यावरून मला आकडा कळायचा. माझ्याहून तिचे भाव चांगले बसले. त्याबद्दलही मला फारसं बोलायचं नाही.

तो पुन्हा पायरीवर यायला लागला. नवी तेलाची बाटली मी आणून ठेवली होती, ती त्याने पिशवीत टाकली. मग मी म्हणालो, डावा गेला तो गेला, आता उजवा करा, सौद्याप्रमाणे. त्याने डोकं उन्हाकडे फिरवून बराच वेळ पाहिलं.

"मळ हाय," तो म्हणाला. "राहू द्या. कानाला लागतो तो."

निदान खडा काढा, मी म्हणालो. लोकांना दाखवायला तरी.

"एकच उरलाय शेठ, त्यात कशाला खेळ करायचा."

त्यानंतर किती वर्षं तो त्या पायरीवर बसला असेल! आणीबाणी आली, गेली. पत्र्याच्या पेट्या जाऊन लोक सुटकेसी घ्यायला लागले. घरोघर टीव्हीच्या काड्या उभ्या राहिल्या. भद्रकालीतल्या सगळ्यांचे कान त्याने पाहिले. माझ्या कानाला त्याने एकदाही सळई लावली नाही. पायरी मात्र पूर्ण वापरली. ही माझी तक्रार.

ऑपरेशनमुळे माझ्या कानात एक पोकळी राहिली होती. तिच्यात जे साचतं ते आपोआप निघत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी बाईंकडे जाऊन साफ करून घ्यावं लागतं. त्यामुळे कॉलेज रोडच्या त्या दवाखान्यात माझं जाणं चालू राहिलं, आणि तिथे मला तो वरचेवर दिसायचा. फाटकाबाहेर, लिंबाच्या झाडाखाली, पागोटं काढून काखेत धरलेलं. कधी त्याच्यासोबत पेठकडची एखादी म्हातारी असायची, कधी कॅम्पातला जवान, कधी झोळीत पोर घेतलेली बाई. तो त्यांना फाटकापर्यंत आणायचा, कुठल्या दाराने जायचं ते सांगायचा आणि "बाईला म्हणा, वास येतो. तेवढंच म्हणा," असं पढवायचा. ती माणसं परत येईपर्यंत झाडाखाली उभा राहायचा.

एकदा मी आत बसलो होतो तेव्हा बाईंनी खिडकीतून पाहिलं. हा माणूस माझ्या दाराशी येऊन माझे पेशंट पळवतो, असं म्हणून त्यांनी कंपाउंडरला पाठवलं. कंपाउंडरने त्याला हटकलं. तो निमूटपणे पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला. माझा नंबर पुढे होता. मी छापील मासिक उघडून धरलं होतं. त्यात काय होतं ते मला आठवत नाही.

एका पावसाळ्यात तो आलाच नाही. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा गावाकडे जायचा, म्हणून मी मनावर घेतलं नाही. दिवाळी झाली, पायरीवर चांगलं ऊन पडायला लागलं, तरी नाही. मनमाडला गेलो तेव्हा त्या स्टेशनाबाहेरच्या कानवाल्याला विचारलं. त्याने सांगितलं, काविळीने गेला, नांदगावला, श्रावणात. नेलं तेव्हा बाजाराचा दिवस होता, सगळे कानवाले होते. मी गेलो नव्हतो म्हणून त्याला वाईट वाटलं की काय, मला म्हणाला, "तुम्हाला कळवायचं राहिलं शेठ. त्यानं तुमचा कान तेवढा सगळ्यांना कळवला होता."

त्याला जाऊन चार वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. मी बाईंच्या खुर्चीत बसलो होतो, डोकं एका बाजूला कलतं केलेलं. आता त्यांच्याकडे डोळ्याला लावायची मोठी दुर्बीण आली होती. त्या बारीक सळईने पोकळी साफ करत होत्या आणि करता करता बोलत होत्या. उजव्या कानाने मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"हल्ली लोक फार उशिरा येतात हो," त्या म्हणाल्या. "कालच एक मुलगा आणला सुरगाण्याहून. मान ताठ झालेली. वाचवता नाही आला. मी इथे नवी होते तेव्हा असं नव्हतं. खेड्यापाड्यातली माणसं बऱ्यापैकी वेळेवर यायची, वास येतो म्हणून आपणहून सांगायची. आता दवाखाने वाढले, गाड्या वाढल्या आणि हे उलटंच. का झालं असेल असं?"

मी तोंड उघडलं.

"आता बोलू नका," बाई म्हणाल्या. "सळई आत आहे. अजिबात हलू नका."

मी हललो नाही.